मधाचे पाहुणे, पानांचे भुकेले

कोकणातल्या आंबा बागायतदाराला बांडगूळ डोळ्यांसमोर नको असतं. कलमाच्या फांदीवर ते एकदा रुजलं की लाकडात शोषकमुळं रोवून पाणी आणि क्षार ओढत राहतं. पुढची फांदी खंगते, मोहोर रोडावतो. कोयता घेऊन बांडगुळं छाटणं हे बागेतलं ठरलेलं काम. या नकोशा वनस्पतीवर सलीम अली यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. कोकणात बांडगुळाचा प्रसार कसा होतो आणि त्यात शिंजीर व फुलटोचे या पक्ष्यांचा वाटा काय, हा त्याचा विषय. लेख अगदी लहान, पण या प्रस्तावनेला ज्या विषयाची ओळख करून द्यायची आहे त्याचं बीज त्यात आहे.

बांडगुळाचं फूल लांब नळीसारखं, शेंदरी छटेचं. नळीच्या तळाशी मध असतो आणि तिथवर पोचायला शिंजिराची बाकदार चोच लागते. मध पिताना त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. फळ पिकलं की पाळी फुलटोच्याची. चिमणीहूनही लहान असलेला हा पक्षी फळ गिळतो, गर पचवतो आणि थोड्याच वेळात चिकट बी बाहेर टाकतो. बी अंगाला चिकटून राहतं, म्हणून तो बूड फांदीवर घासतो. जिथे रुजायचं नेमकं तिथेच बी डकवलं जातं. तिकडे पानांवर वेगळीच गर्दी असते. हळदीकुंकू नावाचं देखणं फुलपाखरू बांडगुळाच्या पानांवर ओळीने अंडी घालतं, अळ्या घोळक्याने राहतात आणि डहाळ्याच्या डहाळ्या बोडक्या करून टाकतात.

म्हणजे आंब्याच्या एका फांदीवर ही वनस्पती एकाच वेळी तिघांशी व्यवहार करत असते. शिंजीर फिरकला नाही तर फळधारणा घटते. फुलटोच्या नसेल तर नवं बांडगूळ रुजत नाही. अळ्या नसतील तर त्याच्या वाढीवरचा एक लगाम सुटतो. बागेच्या कोणत्या कोपऱ्यात बांडगूळ दाट आणि कुठे विरळ, हे बरंचसं फुलटोचे कोणत्या झाडांवर वावरतात त्यावर ठरतं. बागेत काय वाढेल याचा निर्णय माती आणि पावसाइतकाच या येण्याजाण्यातूनही होत असतो. जंगल, माळरान, पाणथळ, शेत यांपैकी कुठेही गेलं तरी हे सूत्र हाती लागतं.

सपुष्प वनस्पतींच्या ज्ञात जाती तीन लाखांच्या आसपास. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार त्यांपैकी सुमारे ८७ टक्के जातींच्या परागीभवनात प्राण्यांचा हात असतो: मधमाश्या, माश्या, पतंग, भुंगेरे, पक्षी, वटवाघळं. दुसरीकडे, कीटकांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास निम्म्या वनस्पती खाऊन जगतात. कोणी पान कुरतडतो, कोणी रस शोषतो, कोणी खोड पोखरतो, कोणी बीच फस्त करतो. हरणं, गवे, हत्ती आणि गुरं-शेळ्या या हिशेबात अजून आलेल्याच नाहीत. झाडाला यांच्यातल्या एकापासूनही पळून जाता येत नाही. बोलावायचं असेल तर रंग, गंध आणि मध. थोपवायचं असेल तर काटा, चीक आणि विष. अडचण अशी, की बोलावणं आणि थोपवणं या दोन्हींचा खर्च एकाच शिलकीतून होतो, आणि पुष्कळदा ज्याला बोलवायचं आणि ज्याला थोपवायचं तो एकच असतो.

अभ्यासकांनी मात्र या दोन बाजू दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी पाहिल्या. क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने १७९३ साली फुलांची रचना कीटकांसाठी असते हे सविस्तर दाखवलं. त्या काळी त्याच्याकडे फार कोणी लक्ष दिलं नाही. डार्विनने १८६२ साली ऑर्किडवर पुस्तक लिहिलं. मादागास्करमधल्या एका ऑर्किडची मधुनलिका सुमारे तीस सेंटिमीटर लांब असल्याचं पाहून एवढीच लांब सोंड असलेला पतंग तिथे असला पाहिजे, असं भाकीत त्याने केलं. तो पतंग शास्त्रीय नोंदीत आला १९०३ साली, डार्विनच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. फुलांची ही कथा चालू असताना पानांची कथा मागेच राहिली होती. १९६४ साली पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि त्यांच्या अळ्यांच्या खाद्यवनस्पती यांची सांगड घातली. वनस्पती नवं विष बनवते, काही अळ्या ते पचवायला शिकतात, वनस्पती पुन्हा बदलते. या रस्सीखेचीतून दोन्हीकडे नव्या जाती घडत जातात, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा निबंध परिसरविज्ञानात आजही आधारभूत मानला जातो. तरी फुलाचा अभ्यासक आणि पानाचा अभ्यासक एकाच झाडाखाली येऊन बसायला आणखी बराच काळ जावा लागला.

ते का आवश्यक होतं हे अमेरिकेतल्या एका रानतंबाखूवरून कळतं. युटाच्या वाळवंटी भागात वाढणाऱ्या या झुडपाची फुलं संध्याकाळी उमलतात, सुगंध सोडतात आणि निशाचर पतंगांना बोलावतात. पतंग परागीभवन करतात आणि जाता जाता पानांवर अंडीही घालतात. अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या झुडूप खाऊन टाकतात. डॅनी केसलर, इयन बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की अळ्यांचा हल्ला झाल्यावर हेच झुडूप आपल्या बऱ्याच फुलांची वेळ बदलतं. ती फुलं सकाळी उमलू लागतात, पतंगांना खेचणारा गंध कमी होतो आणि पाहुणा म्हणून गुंजनपक्षी येतो. गुंजनपक्षी अंडी घालत नाही. अळीच्या लाळेतल्या रसायनांवरून झुडपाला धोक्याची वर्दी मिळते आणि काही दिवसांतच परागवाहक बदलला जातो. पानावर काय घडतं ते न पाहता या फुलाचा अभ्यास करणाऱ्याला हा बदल दिसला असता, त्याचं कारण मात्र दिसलं नसतं.

अशी जोडकथा पाहायला युटाला जायची गरज नाही. महाराष्ट्रात कुठल्याही गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर रुई असते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घातली जाते, पण गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण पान तोडताच पांढरा, विषारी चीक गळतो. त्याच पानांवर प्लेन टायगर फुलपाखराची अळी मजेत वाढते. पानाची शीर आधी कुरतडून ती चिकाचा प्रवाह तोडते आणि मग पुढचा भाग खाते. रुईवर दिसणारा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडाही असाच सरावलेला. फुलांचा मान मात्र मोठ्या काळ्या भुंग्याचा, लाकूड पोखरून घर करणाऱ्या त्या मधमाशीचा. रुईचे पराग सुट्या भुकटीसारखे नसून छोट्या पुडक्यांत बांधलेले असतात, आणि ती पुडकी पायाला अडकवून उपसून नेण्याची ताकद छोट्या कीटकांत सहसा नसते.

आता ही तीन नाती एकत्र पाहावीत. शेळ्या-गुरांनी माळ ओरबाडला की चविष्ट गवतं आणि झुडपं मागे हटतात आणि चिकाची रुई उरते, उलट मोकळ्या जागेत फोफावते. माळ उजाड दिसतो, तरी तिथे भुंग्यांना जवळपास वर्षभर मध मिळत राहतो. हेच भुंगे शेवग्याच्या आणि कडधान्यांच्या फुलांवरही जातात. म्हणजे शेळीच्या दातांचा परिणाम बांधावरच्या शेवग्यापर्यंत पोचू शकतो. परिसरविज्ञानात अशा आडवळणाच्या परिणामांना आता सरळ परिणामांइतकंच महत्त्व दिलं जातं.

परागवाहक आणि भक्षक हे एकाच देहात कसे नांदतात याचं सर्वांत पूर्ण उदाहरण म्हणजे उंबर. अतिदुर्मीळ गोष्टीला मराठीत उंबराचं फूल म्हणतात. वास्तविक प्रत्येक कोवळ्या उंबरात शेकडो फुलं असतात, फक्त ती आतल्या बाजूला तोंड करून असतात. आत जायला टोकाशी खवल्यांनी झाकलेलं एकच छिद्र. गांधीलमाशीच्या गणातली, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची मादी गंधाच्या मागावर येते आणि त्या छिद्रातून स्वतःला आत रेटते. यात बहुधा तिचे पंख तुटतात. ती परत बाहेर येणार नसतेच. आपल्या जन्माच्या उंबरातून आणलेले पराग ती फुलांवर टाकते आणि काही फुलांच्या बीजकोशांत एकेक अंडं घालते. जिथे अंडं पडलं तिथे बी होत नाही, अळी होते. उरलेल्या फुलांत बी धरतं. थोडक्यात, उंबर आपल्या बियांचा एक हिस्सा परागवाहकाच्या पिलांना खाऊ घालतो आणि त्या मोबदल्यात बाकीच्या बिया पदरात पाडून घेतो.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात आणि अंधाऱ्या उंबराबाहेरचं आयुष्य त्यांच्या नशिबी जवळजवळ नसतंच. माद्या फुलांतून सुटण्याआधीच ते त्यांच्याशी मीलन करतात, मग उंबराची भिंत पोखरून वाट करून देतात. माद्या पराग गोळा करतात आणि त्या वाटेने उडून जातात. त्यांच्याकडे एखाददुसरा दिवस असतो. तेवढ्यात दुसरं, नेमक्या अवस्थेतलं उंबर गाठायचं असतं. वाऱ्यावर त्या कित्येक किलोमीटर जातात. फुकटे पाहुणेही असतात: परागीभवन न करता लांब नळीने बाहेरूनच उंबरात अंडी घालणाऱ्या जाती, आणि त्यांना व माद्यांना टिपणाऱ्या मुंग्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंबरातल्या जगावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. एक फळ म्हणजे पूर्ण समाज, हे त्या कामातून ठळकपणे पुढे येतं.

या इवल्या मादीचं आयुष्य इतकं थोडं असल्यामुळे परिसरात कुठलं ना कुठलं उंबर कायम फुलावर असावं लागतं. सगळी झाडं एकदम बहरली आणि मग वर्षभर गप्प बसली तर कीटकाचा वंश खुंटेल आणि पाठोपाठ उंबराचाही. म्हणून उंबर, वड, पिंपळ या कुळातली झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात आणि बाकी रान सुनं असतानाही कुठेतरी फळ मिळतं. धनेश, हरियाल, शेकरू, वानर आणि वटवाघळं त्या दिवसांत या झाडांवर येतात. जगभर बाराशेहून अधिक जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी या कुळाची फळं खातात अशी नोंद आहे. ते बिया दूरवर पसरवतात, फक्त उंबराच्याच नव्हे, त्याच मुक्कामात खाल्लेल्या इतर झाडांच्याही. सह्याद्रीतल्या देवरायांत जुने वड-उंबर राखले गेले, त्याचा लाभ भोवतालच्या रानाला असा मिळत आला. दोन मिलिमीटरच्या कीटकाची दिनचर्या आणि धनेशाचं वर्षभराचं पोट यांच्यातला हा दुवा थक्क करणारा आहे.

माणसाने या नात्याचा उपयोग जाणीवपूर्वक केल्याचंही एक मोठं उदाहरण आहे. आफ्रिकेतला तेलताड मलेशियात लावला गेला, पण त्याच्यावर येणारा सोंड्या किडा मागेच राहिला. परिणामी मळ्यांत मजुरांकरवी हाताने परागीभवन करावं लागे. १९८१ साली कॅमेरूनहून तो किडा आणून सोडला गेला आणि हाताने पराग टाकण्याची गरज सरली. या किड्याच्या अळ्या ताडाचीच वाळती नरफुलं खाऊन वाढतात. खाणारा आणि उपकारकर्ता पुन्हा एकच.

आता मोठ्या तोंडाच्या प्राण्यांकडे. चराईबद्दल बोलताना माणसं पटकन दोन तट पाडतात. एकाच्या मते गुरं रानाची वैरी, दुसऱ्याच्या मते गुरांशिवाय रानच नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव दोघांनीही नीट वाचावा असा आहे. तिथे शेजारच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या पाणथळीत चरत. १९८२ साली चराईवर बंदी आली, विरोध झाला, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पक्ष्यांचं भलं होईल अशी अपेक्षा होती. झालं असं, की म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत ते बेसुमार वाढलं, त्याने उघडं पाणी झाकून टाकलं आणि मासे व पाणपक्षी या दोघांची अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे समोर आलं. पाणपक्ष्यांच्या त्या समाजाची घडी म्हशींच्या तोंडावर अवलंबून होती. बंदीचा निर्णय घेण्यापूर्वी हे तपासलं गेलं असतं तर पक्षी आणि माणसं दोघांचंही नुकसान टळलं असतं.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरही याच्या जवळ जाणारा प्रश्न उभा राहिला. पश्चिम घाटातली ३९ स्थळं २०१२ साली जागतिक वारसा ठरली, त्यात कास आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी यांचे ताटवे. गर्दीच्या पायांपासून फुलं वाचवायला कुंपण घातलं गेलं, आणि गुरंही बाहेर राहिली. गवत वाढून बुटक्या फुलांची कोंडी होते अशी तक्रार येऊ लागली, वाद झाला आणि पुढे कुंपण काढण्याचा निर्णय घेतला गेला. बुटक्या फुलाला हवा असतो उजेड, आणि उजेड मोकळा करण्याचं काम काही प्रमाणात गुरांचे दात करतात. मात्र किती गुरं, कोणत्या महिन्यात, पठाराच्या कोणत्या भागात, ही मोजणी केल्याशिवाय चराई चांगली की वाईट असं एका शब्दात सांगता येणार नाही. फुलोऱ्याच्या आधी चरलेलं गवत आणि फुलोऱ्यात तुडवलेला गेंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाणारे दूर केले की वनस्पती सुखी होते, ही समजूत सर्वांत जोरदारपणे मोडून काढली ती केनियातल्या एका प्रयोगाने. तिथल्या लायकिपिया भागात शिट्टीबाभूळ नावाची बाभूळ मैलोगणती पसरली आहे. तिच्या काही काट्यांचा बुडखा फुगीर आणि पोकळ असतो. त्यात मुंग्या राहतात, झाडाने पुरवलेला गोड रस पितात आणि हत्ती-जिराफाने फांदीला तोंड लावलं की तुटून पडतात. १९९५ पासून संशोधकांनी काही तुकड्यांना कुंपण घालून मोठे प्राणी बाहेर ठेवले. टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जाहीर केलेला निष्कर्ष असा: खाणारे नाहीत म्हटल्यावर बाभळींनी पोकळ काटे आणि रस दोन्ही कमी केले. राखणदार मुंग्या दुबळ्या झाल्या आणि वेगळ्या जातीच्या मुंग्यांनी झाडं बळकावली. या नव्या मुंग्या खोडकिड्यांनी पोखरलेल्या पोकळ्यांत राहतात, त्यामुळे खोडकिडा त्यांच्या सोयीचा. जिराफापासून वाचलेली झाडं हळू वाढू लागली आणि जास्त मरू लागली.

त्याच प्रदेशातून २०२४ साली पुढचा दुवा आला. बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांनी राखणदार मुंग्यांचा फडशा पाडला, हत्तींनी बिनराखणीच्या बाभळी मोडल्या आणि माळ उघडा पडला. सिंहांना दबा धरायला आडोसा उरला नाही. २००३ साली सिंहांच्या शिकारीत ६७ टक्के झेब्रे होते, २०२० साली ४२ टक्के. सिंह रानम्हशींकडे वळले. एका मुंगीच्या येण्याने सिंहाचं ताट बदललं.

खाणाऱ्यांचं याहून खोल काम कोणत्या जागी कोणतं झाड उगवेल हे ठरवण्यात आहे. उष्णकटिबंधातल्या जंगलात एका एकरात इतक्या जातींची झाडं कशी नांदतात? सर्वांत जोमदार जात बाकीच्यांना दाबून का टाकत नाही? डॅनियल जॅन्झेन आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७० आणि १९७१ साली स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचवलं. मातृवृक्षाखाली त्याच्या बिया आणि रोपं दाट असतात आणि त्याच जातीवर जगणारे किडे व रोगही तिथेच जमतात. आईच्या सावलीत मूल वाचत नाही, दूर पडलेलं बी वाचतं. मोकळी राहिलेली जागा दुसऱ्या जातीला मिळते. प्रत्येक जातीचे खास शत्रू असे तिला आखडून ठेवतात आणि रान मिसळ राहतं. हे उत्तर सगळीकडे सारख्या प्रमाणात लागू पडत नाही हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, पण त्याने खाणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली.

या कल्पनेची उलटी बाजू सागाच्या लागवडीत दिसते. मैलोगणती एकाच जातीचं झाड म्हणजे त्या जातीच्या अळीसाठी अखंड पानांचा प्रदेश. वळवाच्या पावसानंतर कोवळी पालवी फुटते आणि सागाच्या पानखाऊ अळीचे लोंढे ती काही दिवसांत संपवतात. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर इथल्या कोवळ्या लागवडीत मोजमाप केलं, तेव्हा या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ बुडते असं आढळलं. विदर्भातल्या सागवनात पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्या एका अळीने केलेली पानांची जाळी सगळ्यांच्या ओळखीची आहे. शिरा तेवढ्या उरतात. अळी मुळात रानातलीच, पण एकसुरी लागवडीत तिला अडवणारी दुसरी जातच मध्ये उभी नसते.

आणि मग कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर हे झुडूप वर्षानुवर्षं केवळ पानांनी जगतं आणि सात-आठ वर्षांनी अख्खा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली असा बहर आला. फुलल्यावर झुडूप मरतं. बहराच्या त्या थोड्या आठवड्यांत सातेरी आणि आग्या माश्यांची झुंबड उडते आणि कारवीचा मध पोळ्यांत साठतो. सगळ्यांनी एकदम फुलण्याचे दोन फायदे असावेत. एवढा मोठा बहर दूरवरच्या माश्यांना ओढून आणतो, आणि त्यातून इतक्या बिया तयार होतात की बी खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतात. मधल्या वर्षांत बी नसल्यामुळे खाणाऱ्यांची संख्या वाढू शकत नाही. बांबूचंही असंच. मिझोराममध्ये साधारण ४८ वर्षांनी बांबू फुलतो, बियांवर उंदीर माजतात आणि बिया संपल्यावर शेतांत घुसतात. १९५९ साली तिथे पडलेला दुष्काळ याच साखळीतला. कारवीचा डोंगर पाहायला जाणाऱ्या गर्दीने फुलं खुडून आणू नयेत असं सांगितलं जातं, त्यामागे हा सात-आठ वर्षांचा हिशेब आहे. खुडलेल्या फुलाच्या बीला पुढच्या वर्षी दुसरी संधी नसते.

परदेशी वनस्पती इथे का फोफावतात, या प्रश्नाकडेही याच चष्म्यातून पाहता येतं. घाणेरीचं मूळ अमेरिकेत. तिच्या फुलांवर इथली फुलपाखरं आनंदाने येतात, फळं बुलबुल खातात आणि बिया पसरवतात, पण पानं गुरांना विषारी आणि मूळ देशातले बहुतेक शत्रूही इथे नाहीत. येणारे सगळे मिळाले, खाणारे जवळजवळ नाहीत. देशातली लाखो हेक्टर जमीन तिने व्यापली, ती या विषम हिशेबाच्या बळावर.

नाती कुठवर पसरतात याचं एक उदाहरण फ्लोरिडातल्या तळ्यांचं. टिफनी नाइट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, की मासे असलेल्या तळ्यांकाठच्या फुलांना परागवाहक जास्त मिळतात. मासे पाण्यातल्या चतुरांच्या पिलांना खातात. चतुर कमी झाले की त्यांच्याकडून टिपल्या जाणाऱ्या माश्या-मधमाश्या वाचतात. काठावरच्या झुडपात बी किती धरेल हे पाण्याखाली कोण पोहतं यावरही ठरतं.

एवढ्या उदाहरणांनंतर शेताकडे वळणं भाग आहे, कारण या विषयाचा कस तिथे लागतो. महाराष्ट्रात कांद्याचं बी तयार करणारा शेतकरी हिवाळ्याच्या अखेरीस गोंडे फुलायची वाट पाहतो. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फूल स्वतःचं स्वतःला पुरं पडत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कोणीतरी न्यावा लागतो. ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. त्याच सुमारास पातीच्या बेचक्यांत फुलकिडे रस खरवडत असतात. शेतकरी फुलकिड्यांसाठी फवारतो. औषधाला पान आणि फूल यांत भेद कळत नाही. माश्या मरतात किंवा त्या शेताकडे फिरकत नाहीत, गोंडे उभे राहतात आणि बी पोचट निघतं.

यावर मार्ग आहेत, आणि ते या विज्ञानातूनच आलेले आहेत. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्था गेली अनेक दशकं माश्या पाळण्याचं शिक्षण देत आल्या आहेत. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. बीजोत्पादक आता बहराच्या दिवसांत मधपेट्या भाड्याने आणतात. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करणं, बहरात फवारणी टाळणं आणि नाइलाजच झाला तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर, त्यांना कमीत कमी अपायकारक औषध निवडणं, हे कृषी सल्ल्यात येऊ लागलं आहे. पण पेटीतली सातेरी ही शेतावर येणाऱ्या माश्यांपैकी एक. आग्या माशी कड्यांवर आणि उंच झाडांवर राहते, फुलोरी माशी झुडपांत पोळं बांधते, मातीत घर करणाऱ्या एकांड्या माश्यांना न नांगरलेला बांध लागतो. कांदा तीन-चार आठवडे फुलतो. वर्षाचे उरलेले दिवस या सगळ्यांना बांधावरच्या बोरी, करंज, शेवगा, रुई आणि पावसाळी रानफुलांवर काढायचे असतात. बांध किती रुंद ठेवायचा आणि त्यावर काय उगवू द्यायचं, हा निर्णयही बियाण्याच्या खर्चाच्या वहीत धरावा लागेल.